लेकराला शाळेत त्रास होतोय, मधेच शाळा बदलायची का? दाखला काढण्याआधी पालकांनी हे बघावे

बीड : दिवाळीच्या सुट्ट्या संपून दुसरे सत्र सुरू झाले की हायस्कूलच्या ऑफिसात दाखला मागायला येणारे दोन-चार पालक हमखास दिसतात. कारण विचारले तर "घरची अडचण आहे" एवढेच सांगतात. खरी अडचण बऱ्याचदा वर्गात असते. चार पोरं मिळून एकाला रोज धरतात. डबा फेकणे, दप्तरात माती भरणे, बापाच्या धंद्यावरून, जातीवरून, रंगावरून, चालण्या-बोलण्यावरून नाव पाडणे, पैसे काढून घेणे, मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकणे. पोरगं घरी काही बोलत नाही. एक दिवस सरळ सांगतं, "मी त्या शाळेत जाणार नाही."

अशा वेळी घरात दोन मते पडतात. आई म्हणते शाळा बदला, आजोबा म्हणतात पळून कशाला जायचं. दोघांचेही काही चुकत नाही. पण आठवी, नववी, दहावीच्या मधेच शाळा बदलणे म्हणजे नुसता दाखला इकडून तिकडे नेणे नव्हे. वर्ष, हजेरी, बोर्डाचा फॉर्म, शिष्यवृत्ती, एसटीचा पास या सगळ्या गोष्टी त्याला जोडलेल्या असतात. नीट केले तर लेकरू सावरते. घाईत केले तर त्रास तसाच राहतो आणि वरून वर्षही हातचे जाते.

मस्ती कोणती आणि छळ कोणता

पोरा-पोरांत भांडण होते, दुसऱ्या दिवशी गळ्यात हात टाकून फिरतात. ती मस्ती. छळ वेगळा असतो. तो रोज होतो, ठरवून होतो, बहुतेक वेळा अनेक जण मिळून एकालाच करतात आणि त्या एकाला उलट काही करता येत नाही. तो बोलला तर मार वाढतो, गप्प बसला तर टवाळी वाढते.

घरी याची चिन्हे आधी दिसतात, पण ओळखू येत नाहीत. सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही. वह्या फाटतात, पेन-कंपास रोज हरवतात. डबा तसाच परत येतो. शाळेतून आल्यावर आधी मोरीत जाऊन शर्ट धुतला जातो. आणि शेतकऱ्याच्या घरात हमखास दिसणारे एक चिन्ह म्हणजे, पोरगं अचानक म्हणतं, "मी कापूस वेचायला येतो, शाळेला जात नाही." घरच्यांना बरे वाटते, पोरगं कामाला लागलं. पण अभ्यासात बरे असलेले लेकरू मधेच असे बोलायला लागले तर एकदा जवळ बसवून विचारावे. विचारताना "तू काय केलं होतंस?" असा पहिला प्रश्न टाकू नये. त्या एका प्रश्नाने ते पुन्हा तोंड उघडत नाही.

दाखल्याचा अर्ज नंतर, तक्रारीचा अर्ज आधी

बहुतेक पालक इथेच चुकतात. तोंडी सांगतात, सर दोन पोरांना दम देतात, आठ दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग पालक चिडून थेट दाखला मागतात. शाळेच्या कागदावर मात्र काही घडलेलेच नसते. पुढे कुठेही दाद मागायची म्हटले तर हातात काही राहत नाही.

म्हणून पहिला कागद मुख्याध्यापकांच्या नावाने लेखी तक्रारीचा असावा. काय घडले, कोणत्या तारखेला, कुठे, कोण होते, कोणी पाहिले हे साध्या भाषेत लिहावे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का, सही, तारीख घ्यावी. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. मोबाइलवर घाणेरडे मेसेज, फोटो आले असतील तर रागाने डिलीट करू नयेत, स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यावा. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे, तिथेही प्रत देता येते.

रॅगिंगचा कायदा फक्त मेडिकल-इंजिनिअरिंगच्या कॉलेजांसाठी आहे असा समज आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे आणि त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही. शिक्षण देणारी इतर संस्था, वसतिगृह, शिकवणी वर्ग हेही त्यात येतात. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. चौकशीच केली नाही तर संस्थाप्रमुखच गुन्ह्याला मदत केली असे धरले जाऊ शकतात. ही गोष्ट अर्जात एका ओळीत लिहिली तरी फरक पडतो.

अंगाला हात लावणे, कपडे काढायला लावणे, तसले फोटो-व्हिडिओ काढणे असे काही असेल तर प्रकरण पोक्सो कायद्यात जाते. मुलगा असो वा मुलगी, हा कायदा १८ वर्षांखालील सगळ्यांना लागू आहे, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "गावात मिटवून घेऊ" हा पर्याय तिथे उरत नाही. छळ करणारी पोरंही १८ च्या आतली असतील तर त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते.

एक गोष्ट मात्र टाळावी. चार पाहुणे घेऊन शाळेत जायचे आणि त्या पोरांना धरून बडवायचे, हे होते. त्यात गुन्हा पालकावर दाखल होतो, दोन घरांचे वैर लागते आणि लेकरू आणखी एकटे पडते.

"त्रास त्यांनी दिला, शाळा आम्ही का सोडायची?"

हा प्रश्न रास्त आहे. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्याय ही एक, लेकराचे वर्ष ही दुसरी. चौकशीला महिना लागेल, दोन महिने लागतील. तोवर लेकरू रोज त्याच बाकावर बसणार आहे. शाळा ठामपणे उभी राहिली, वर्गशिक्षकांनी लक्ष घातले, तुकडी बदलली, पालकांना बोलावून समज दिली आणि महिनाभरात त्रास थांबला तर शाळा बदलायची गरज नाही. पण तक्रारीनंतरही त्रास चालूच असेल, शिक्षकच "एवढं काय मनावर घेतो" म्हणत असतील, किंवा लेकरू जेवण-झोप सोडून बसले असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

दाखला काढला म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही. "तक्रार मागे घ्या, आजच दाखला देतो" असा सौदा काही ठिकाणी होतो. तो करू नये. तक्रार शाळेच्या फायलीत राहिली तर उद्या त्याच पोरांनी दुसऱ्याला धरले तेव्हा ती कामाला येते.

आणि निर्णय घेताना लेकराला विचारावे. जायचे की राहायचे, कुठल्या शाळेत जायचे, तिथे कोण ओळखीचे आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला न विचारता शाळा बदलली तर त्याला ती शिक्षाच वाटते.

कोणत्या वर्गात, कोणत्या महिन्यात

आठवीपर्यंत काम सोपे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे मुलाला कोणत्याही कारणाने दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र हे कलम लागू नाही, तिथे जागा आणि फी यावर ठरते.

नववीत बदलायची असेल तर सगळ्यात चांगला महिना जून, आणि दुसरा चांगला मुहूर्त दिवाळीनंतर दुसरे सत्र उघडताना. पहिल्या सत्राची परीक्षा झालेली असते, गुण हातात असतात, ते नव्या शाळेला देता येतात. जानेवारी-फेब्रुवारीत बदलली तर नवे शिक्षक तोंडओळख होईपर्यंत वार्षिक परीक्षा येते.

दहावीत घड्याळ बघूनच पाऊल टाकावे. बोर्डाचे फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेमार्फत ऑनलाइन भरले जातात. जे करायचे ते त्याआधी. जून-जुलैत केले तर उत्तम. फॉर्म जुन्या शाळेतून गेला की परीक्षा त्याच शाळेच्या नावाने होते, प्रॅक्टिकल आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही तिथूनच जातात. अशा वेळी शाळेचे नाव न बदलता लेकराचे संरक्षण मागणे शहाणपणाचे ठरते. तुकडी बदलून मागावी, येण्या-जाण्याच्या वेळी शिक्षक फाटकाशी उभे राहावेत, सराव परीक्षेची बैठक वेगळी करावी, असे लेखी मागता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा संपते आणि अकरावीला गाव, कॉलेज सगळेच बदलता येते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजला पसंती देणे सोपे झाले आहे. दहावीबद्दल काही शंका असेल तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळात आधी विचारून घ्यावे. अकरावी एका कॉलेजात करून बारावीला दुसरीकडे जायचे असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी काढावी लागते.

हजेरीकडे दुर्लक्ष नको. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. भीतीने घरी बसलेल्या लेकराचे दिवस झपाट्याने जातात. घरी बसवून "बघू पुढे" म्हणण्यापेक्षा नवी शाळा ठरेपर्यंत रजेचे अर्ज देत राहावे.

दाखला अडवला तर

शाळा दाखला द्यायला का-कू का करते, यालाही कारण असते. सप्टेंबरअखेरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षक किती मंजूर होणार ते ठरते. एक-दोन पोरं कमी झाली तरी काही शाळांत एखादे पद धोक्यात येते. म्हणून "ऑक्टोबरनंतर या" असे ऐकायला मिळते. शाळेची अडचण खरी असली तरी तिची किंमत लेकराने मोजू नये. उलट नवी शाळाही कधी कधी पटासाठीच "या या" म्हणते, तेही ध्यानात ठेवावे.

दाखला मिळत नसेल तर गटशिक्षणाधिकारी, नाहीतर माध्यमिक शिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी जावे. जून २०२१ मध्ये शासनाने नववी-दहावीसाठीही निर्देश दिलेले आहेत की दाखला नाही म्हणून सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांनी प्रवेश नाकारू नये.

दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून वाचावा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात हे जनरल रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे का बघावे. शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती करायची म्हणजे चपला झिजतात. "वर्तणूक" आणि "शाळा सोडण्याचे कारण" हे दोन रकाने विशेष बघावेत. त्रास सोसणाऱ्या लेकराने एखाद दिवशी उलटा हात उचललेला असतो आणि वर्तणुकीत वाईट शेरा पडतो. असे असेल तर शिक्का मारायच्या आधीच हरकत घ्यावी. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, म्हणून त्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

कागदाचा दाखला मिळाला तरी काम अर्धेच झालेले असते. यू-डायसवर लेकराचे नाव जुन्या शाळेने सोडले पाहिजे आणि नव्या शाळेने पेन क्रमांक टाकून घेतले पाहिजे. दहावीचा फॉर्म याच माहितीवर भरतात. नाव अडकून राहिले तर फॉर्मच्या वेळी धावपळ होते. प्रवेशानंतर पंधरा दिवसांनी नव्या शाळेत जाऊन "नाव आलं का?" एवढे विचारून यावे.

शाळा नवी, पण एसटी तीच असेल तर?

ग्रामीण भागातला खरा पेच हा आहे. शहरात शाळा बदलली की रस्ता बदलतो. इथे त्रास देणारी पोरं गावातलीच, नाहीतर शेजारच्या वस्तीवरची. तालुक्याच्या गावाला जाणारी सकाळची एसटी एकच. शिकवणी तीच, क्रिकेटचे मैदान तेच, जत्राही तीच. शाळा बदलूनही मागच्या सीटवरून तेच नाव ऐकू येत असेल तर बदलाचा उपयोग काय?

म्हणून नवी शाळा निवडताना आधी रस्ता बघावा. शक्यतो वेगळ्या दिशेची, वेगळ्या गाडीची शाळा घ्यावी. केज, धारूर, वडवणी, अंबाजोगाई असे तालुके एकमेकांना लागून आहेत, सीमेवरच्या गावांना दुसऱ्या तालुक्याचे हायस्कूलही चालू शकते. पहिले काही दिवस घरातल्या कोणीतरी सोबत जावे किंवा वरच्या वर्गातला भरवशाचा पोरगा सोबत द्यावा. शिकवणी बदलावी. जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून लेकराला बाहेर काढावे.

पासचेही बघावे लागते. नव्या शाळेचे बोनाफाईड दिल्याशिवाय नवा पास निघत नाही. मुलांना मासिक पासात ६६ टक्क्यांहून जास्त सवलत आहे आणि गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. वसतिगृहाचा विचार असेल तर एकदा स्वतः जाऊन रात्री तिथे कोण असते ते विचारावे. छळ वसतिगृहातही होतो आणि तिथून संध्याकाळी घरी येता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अडचण आणखी वेगळी. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत लेकरू आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहते. त्रास याच महिन्यांत वाढतो, कारण विचारणारे कोणी नसते. अशा पालकांनी निघण्याआधीच मुख्याध्यापकांना भेटावे, आपल्या मागे मामा, चुलता, आजी यांपैकी कोण पालक म्हणून येईल ते सहीनिशी लिहून द्यावे आणि आपला फोन नंबर वर्गशिक्षकांकडे ठेवावा.

नव्या शाळेत काय विचारावे, काय सांगावे

पुस्तके बालभारतीचीच असल्याने राज्य मंडळाच्या शाळेतून राज्य मंडळाच्या शाळेत गेल्यास धडे बदलत नाहीत. पण तीन गोष्टी बदलू शकतात. गणित-विज्ञान सेमी इंग्रजीतून आहे की मराठीतून, हिंदी पूर्ण आहे की संस्कृतसोबत संयुक्त, आणि प्रयोगवह्या कुठवर झाल्यात. नववीत संस्कृत घेतलेल्या लेकराला दहावीत संस्कृतचे शिक्षकच नसलेली शाळा मिळाली तर अडचण होते. एनएमएमएस शिष्यवृत्ती लागली असेल तर जास्तच सांभाळावे. नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, पण सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल तरच. खासगी विनाअनुदानित शाळेत नाव घातले की ती जाते.

मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक या दोघांना खरे कारण खासगीत सांगावे. लपवले तर ते लक्ष ठेवू शकत नाहीत. पण सगळ्या स्टाफरूमला आणि वर्गाला सांगायची गरज नाही. "हा तिकडून मार खाऊन आलाय" हे वर्गात कळले की नव्या शाळेत जुनाच खेळ सुरू होतो. बसायला शांत जोडीदार, एखाद्या खेळात किंवा कार्यक्रमात नाव आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला शिक्षकांशी पाच मिनिटे बोलणे, एवढ्यानेही लेकरू रुळते. लगेच हसत-खेळत घरी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रात्री दचकणे, एकटे बसणे, "जगून काय करू" अशी भाषा ऐकू आली तर शाळेचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

मुलगी असेल तर शाळा सोडवणे हा उपाय नव्हे

मुलाला त्रास झाला तर शाळा बदलतात, मुलीला झाला तर शाळा बंद करतात. वाटेवर कोणी छेडते हे कळले की मुलगी घरी बसते आणि एक-दोन वर्षांत स्थळ येते. बालविवाहांसाठी ज्या जिल्ह्यांचे नाव घेतले जाते त्यांत बीड आहे, आणि त्यातल्या काही लग्नांची सुरुवात अशा छेडछाडीच्या भीतीतूनच होते. म्हणून मुली घरी सांगत नाहीत. सांगितले तर शाळा जाईल, हे त्यांना पक्के माहीत असते. आई-बापाने "काही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही" एवढे आधीच सांगून ठेवले तर मुलगी पहिल्याच आठवड्यात बोलते. मग दाखला नव्या शाळेत नेण्यासाठीच काढला जाईल, घरी ठेवण्यासाठी नाही.

मदत कुठे मिळेल

मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीच्या वेळी पोलिस ११२, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. हे फोन मोफत आहेत आणि लेकरू स्वतःही करू शकते. प्रत्येक पोलिस ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो, ठाण्यात गेल्यावर त्यांनाच भेटायचे म्हणून सांगावे. शाळेकडून दाद मिळाली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकारी यांच्याकडे तक्रारीची प्रत द्यावी. जाताना शाळेची पोच असलेला पहिला अर्ज सोबत न्यायला विसरू नये, कारण ऑफिसात आधी तोच मागतात.